नायट्रोजन वजा

केरबाने दुसऱ्या बाटलीवरचा काळा कागद सोडवला, बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि आत लोंबणाऱ्या मुळ्या निरखल्या. पांढऱ्याशुभ्र, लांबसडक मुळ्या. वर मक्याचं रोप, त्याला पाच पानं, पाचही हिरवी. सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं पान एव्हाना पिवळं पडून वाळायला हवं होतं. तेही हिरवंच होतं. त्याने कागद पुन्हा गुंडाळला, वर रबर चढवलं आणि बाटली जागेवर ठेवली. आज चोविसावा दिवस होता.

टेबलावर अशा चार बाटल्या होत्या. कॉफीच्या रिकाम्या बाटल्या, केरबानेच धुऊन, झाकणाला भोक पाडून, कापसात एकेक रोप बसवून तयार केलेल्या. पहिलीत झाडाला लागणारे सगळे क्षार. दुसरीत नायट्रोजन सोडून बाकी सगळे, तिसरीत फॉस्फरस सोडून, चौथीत लोह सोडून. झाड माती खात नाही, पाण्यात विरघळलेले क्षार मुळांनी ओढून घेतं आणि त्यातून आपलं अंग घडवतं, हे बारावीच्या मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप. तिसऱ्या बाटलीतलं रोप खुरटलं होतं आणि त्याच्या पानांच्या कडा जांभळट झाल्या होत्या. चौथीतली जुनी पानं हिरवी होती, नवी मात्र फिकट पिवळी निघाली होती. दोघांनी पुस्तकाबरहुकूम वागून दाखवलं होतं. दुसरीतलं तेवढं ऐकायला तयार नव्हतं.

भाईंदर पूर्वेच्या या ज्युनियर कॉलेजात केरबा सव्वीस वर्षं लॅबमध्ये होता. जीवशास्त्राची लॅब आणि रसायनशास्त्राची लॅब, दोन्हींना मिळून माणूस एकच. मुलं त्याला मामा म्हणत, शिक्षकही मामाच म्हणत. मागे उभं राहून सव्वीस वर्षं तोच तास ऐकला की भिंतीचाही पाठ होईल, आणि केरबा काही भिंत नव्हता. मुळं नायट्रेट आत घेतात, झाड त्याचं आधी नायट्राइट करतं, मग अमोनिया, मग त्यातून प्रथिनं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्याला विचारायचं मात्र कोणाला कधी सुचलं नाही.

हा धडा शिकवताना सुचेता मॅडम दरवर्षी एक वाक्य हमखास म्हणत. नायट्रोजन कमी पडला की जुनं पान आपल्यातला नायट्रोजन काढून नव्या पानाला देतं आणि स्वतः पिवळं पडतं. मग चष्मा वर सरकवून म्हणत, "तुमच्या आईवडिलांसारखं." मुलं हसत. केरबाला ते वाक्य कधीच आवडलं नव्हतं. आईवडिलांनी पिवळं पडलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय, असं त्याच्या मनात येई आणि तो परीक्षानळ्या जरा जास्तच जोरात घासू लागे.

यंदा त्या हसणाऱ्या मुलांत त्याची स्वतःची मुलगी होती. संघप्रिया हसली नव्हती. तिने हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, हे आपण खरंच करून बघू या का?" कोविडपासून हा प्रयोग भिंतीवरच्या तक्त्यावरूनच उरकला जात होता. मॅडमना नाही म्हणायला कारण सापडलं नाही, आणि म्हणून त्या चार बाटल्या टेबलावर आल्या.

गुरुवारच्या प्रॅक्टिकलला जर्नलं पूर्ण करायची होती. शनिवारी मॅडम सह्या करणार, सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार. बाकांवरून गेल्या वर्षीचं एक जर्नल फिरत होतं. ते अथर्वच्या ताईचं होतं, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे सगळ्या तुकडीला त्याचा आधार वाटायचा. प्रयोग कोणताही असो, आकडा ताईचा, निरीक्षण ताईचं, निष्कर्ष ताईचा. साठ मुलांनी मान खाली घालून ‘नायट्रोजन वजा : जुनी पाने पिवळी’ असं इंग्रजीत उतरवलं होतं, आणि त्यांच्यापासून चार हातांवर ते रोप हिरवंगार उभं होतं. एकालाही मान वर करून तिकडे बघावंसं वाटलं नाही, या गोष्टीची केरबाला मनापासून चीड आली.

संघप्रिया उठून मॅडमच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, दोन नंबरचं पान हिरवंय."

"कुठलं दोन नंबर?"

"मायनस नायट्रोजन."

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल." मॅडम सह्यांचा कागद भरत होत्या.

"मग एक नंबरचं तरी पिवळं पडलं असतं ना? ते पण हिरवंय. आणि तीन-चार नंबर बरोबर आहेत."

"अगं ए," मागून अथर्व म्हणाला, "ताईच्या जर्नलमध्ये येलो आहे ना, आपण पण येलो टाकायचं. कशाला फुकटचा लफडा करतेस यार?"

मॅडमनी आता मान वर केली. त्या दादरहून मीरा रोडला राहायला आलेल्या, अकरा वर्षं इथे शिकवणाऱ्या, स्वभावाने वाईट नसलेल्या बाई होत्या. दोन तुकड्यांचं काम एकट्या ओढत होत्या, आणि ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं.

"संघप्रिया, परीक्षक जर्नल बघणार, झाड नाही बघणार. एक ओळ लिही, मी सही करते, विषय संपला."

"पण मी पिवळं बघितलंच नाही, मॅडम."

"मी पण अणू बघितलेला नाही."

वर्ग हसला. संघप्रिया तशीच उभी राहिली.

"मग मी हिरवं लिहिते. आणि खाली लिहिते की कारण कळलं नाही."

"तसं लिहिलंस तर मी सही करणार नाही. उद्या परीक्षकांनी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल. आणि सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, हे तुला माहीत आहे."

"हो, मॅडम."

एवढंच म्हणून ती जागेवर जाऊन बसली. पेन तिने हातात घेतलं नाही. समोर कोरं पान उघडं ठेवून, हाताची घडी घालून, तास संपेपर्यंत ती त्या रोपाकडे बघत राहिली.

सिंकपाशी उभ्या केरबाने नळ बंद केला. पान हिरवं का, ते त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कोपऱ्यात स्टुलावर वीस लिटरचा पांढरा कॅन होता. त्यावर ‘डिस्टिल्ड वॉटर’ अशी चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठीइतकं खोटं या लॅबमध्ये दुसरं काही नव्हतं. पाणी उकळून, वाफ गार करून शुद्ध पाणी देणाऱ्या यंत्राची कॉइल तीन वर्षांपूर्वी जळाली. केरबा ऑफिसात अर्ज घेऊन गेला, तर ऑफिसातले म्हणाले, अर्ज-बिर्ज कशाला मामा, तोंडी सांगितलंत ना, झालं. त्याने मॅडमनाही सांगितलं. त्या पेपर तपासत होत्या. सध्या साधंच पाणी वापरा, म्हणाल्या. नळाचं पाणी दिवसाआड यायचं, म्हणून कॅन भरायचा तो मागच्या बोअरवेलवर. आणि बोअरवेल होती संडासाच्या टाकीला लागून. त्या पाण्यात नायट्रेट नसेल तर कुठल्या पाण्यात असणार? रोपाला क्षारांतून मिळालं नाही ते त्याने पाण्यातून ओढून घेतलं होतं आणि बिनबोभाट वाढत होतं.

मुलं गेल्यावर मॅडम पर्स उचलता उचलता थांबल्या.

"मामा, तुमची मुलगी फार हट्टी आहे हं."

"हाय खरी, मॅडम."

"तिचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. काचेच्या बाटल्या आहेत. पुसताना एखादी हातातून सटकते. बाटलीच नाही तर निरीक्षण नाही, मग पुस्तकातलं लिहायला तिचीही हरकत राहणार नाही." त्यांनी हे काही कटकारस्थानाच्या सुरात म्हटलं नाही. मुलीला अडचणीतून सोडवायचा एक मार्ग सुचवावा, तसंच म्हटलं. "बघा तुम्ही."

 मॅडमची पावलं जिन्यावरून उतरल्यावर केरबाने चारही बाटल्या टेबलाच्या कडेवरून उचलल्या आणि भिंतीतल्या कपाटात ठेवून दार लोटून घेतलं.

नवघरला त्यांच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी वैजयंता उंबऱ्यात बसून अंबाडी निवडत होती. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात दिवसभर शर्टांना काज करून आल्यावरही तिचे हात रिकामे बसत नसत. संघप्रिया आत जर्नल घेऊन बसली होती, पान अजून कोरंच. केरबाने डबा ठेवला, पाणी प्यायला आणि उभ्या उभ्याच म्हणाला,

"संघा, त्या दोन नंबरचं कारण मला म्हाईत हाय."

"काय कारण?"

"पाणी डिस्टिल्ड न्हाई. मागल्या बोअरचं हाय. तीन वर्षं तेच भरतोय."

संघप्रिया क्षणभर बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे आपण नायट्रोजन पावडरमधून काढला आणि पाण्यातून परत घातला! त्या टाकीचं सगळं तिथेच मुरतं ना. पप्पा, म्हणजे झाड चुकलंच नाही! त्याला दिलं ते त्याने घेतलं!" ती उठून उभीच राहिली. उत्तर सापडल्याचा आनंद तिच्या तोंडावर जेमतेम घटकाभर टिकला असेल. मग ती हळूच खाली बसली आणि पेन उचललं.

"काय लिव्हतीस?"

"पिवळं."

"का गं?"

"का काय? पाणी कोणतं वापरलं म्हटल्यावर पहिला प्रश्न काय विचारतील? कॅन कोणी भरला?"

"मी भरला."

"तेच म्हणतेय मी. ऑफिसवाले हात झटकून मोकळे होतील. तुमच्याकडे अर्जाची साधी पोच तरी आहे का?"

केरबाकडे पोच नव्हती.

वैजयंताने अंबाडीची जुडी बाजूला सारली. "मी मदी बोलत न्हवते, पर आता बोलते. दोन वर्सं ऱ्हायलीत तुमच्या रिटायरला. सव्वीस वर्सांत एक मेमो न्हाई तुमच्या नावावर. त्या एका पानाच्या रंगापाई समदं घालवायचं का? लिवू द्या तिला पिवळं. समद्या कॉलेजानं लिवलंय."

"समद्यांनी लिवलं म्हणून पान पिवळं झालं का?"

"मी कुटं म्हंते झालं म्हणून?"

"मग पोरगी खोटं का लिवंल? माझ्यासाठी?" केरबाचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतला टीव्ही बारीक झाला, त्याची त्याने फिकीर केली नाही. "सव्वीस वर्सं मी जर्नलांचे गठ्ठे वाहिले. गठ्ठ्यानं दरसाल. प्रयोग मांडायचा केरबानं, धुवायचा केरबानं, आणि त्या गठ्ठ्यात केरबाचं नाव शोधून काढ, एका वहीत निघायचं न्हाई. आता चूक झालीय ना? ती केरबाची हाय. ती तरी माझ्या नावानं लिव. ‘पाणी भरणारा : केरबा नामदेव सोनकांबळे.’ असं लिव."

"पप्पा, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय सांगताय ते?"

"मला कळतंय. तू लिव."

"आणि मॅडमना तुम्ही सांगितलं होतं, ते पण लिहू ना?"

केरबा थांबला. हे तिने विचारेपर्यंत त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. उलट घरी येताना सगळी वाट त्याने मनातल्या मनात मॅडमशी भांडण केलं होतं, आणि त्यात दर खेपेला तोच जिंकला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "तू तिथं न्हवतीस. मी पाणी भरलं, हे मी सांगतोय, माझं मी. मॅडमला सांगितलं का न्हाई, ते मॅडमनं सांगायचं."

संघप्रियाने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "पण पाण्यात नायट्रेट आहे हे कशावरून? तुम्ही म्हणता म्हणून मी लिहिलं, तर ते ताईच्या जर्नलसारखंच झालं."

केरबाने मुलीकडे पाहिलं. त्याला हसू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

"ते मी बघतो," तो म्हणाला. वैजयंता उठली आणि चूल पेटवावी तशा झटक्याने तिने गॅस लावला. पण जेवताना तिने केरबाच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकली, त्यावरून काय ते त्याला समजलं.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर तो नवघर रोडवरच्या बॅटरीच्या दुकानात गेला.

"डिस्टिल्ड वॉटर देना भाई, दो बोतल."

"क्या मामा, इन्व्हर्टर लिया क्या?"

"नहीं. एक पौधे का केस चल रहा है," केरबा म्हणाला, आणि दुकानदार विचार करत राहिला.

शनिवारी सातलाच त्याने लॅब उघडली. कॅनमधलं दोन लिटर पाणी मोठ्या चंचुपात्रात घेऊन बर्नरवर ठेवलं. शेजारी दुसऱ्या बर्नरवर दुकानातलं दोन लिटर. पाणी आटत गेलं. एका पात्राच्या कडेला पांढरं किटण धरू लागलं, दुसरं तसंच लख्ख राहिलं. मुलांची तुकडी आली तेव्हा दोन्ही पात्रांत तळाशी बोटभर पाणी उरलं होतं आणि केरबा स्टँडमध्ये दोन परीक्षानळ्या लावत होता. हिराकसाचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, ताजं द्रावण त्याने तयार करून ठेवलं होतं. ते ताजंच लागतं, हे मुलांना दरवर्षी तोच सांगायचा.

मॅडम आल्या, जर्नलांचा गठ्ठा टेबलावर ठेवून बसल्या आणि पेनाचं टोपण काढलं. केरबा त्यांच्यासमोर गेला.

"मॅडम, पाच मिनिटं द्या."

"कशाला?"

"एक टेस्ट दाखवायचीय."

सव्वीस वर्षांत मामांनी वर्गातली पाच मिनिटं मागितल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. मॅडमनी बर्नरकडे पाहिलं, पात्रांकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना याही वेळी कारण सापडलं नाही.

केरबाने दोन्ही नळ्यांत आटवलेलं पाणी घेतलं, त्यात हिराकसाचं द्रावण मिसळलं. मग पहिली नळी तिरकी धरली आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल काचेच्या कडेकडेने सोडलं. इतकं हळू, की आम्ल पाण्यात न मिसळता तळाशी जाऊन बसलं. मुलांचे हात इथेच कापतात. त्याचा हात कापला नाही. त्याने नळी सरळ केली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. काही नाही. वर पाणी, खाली आम्ल, मध्ये स्वच्छ रेघ.

"हे बॅटरीच्या दुकानातलं पाणी," तो म्हणाला.

दुसरी नळी. तेच सगळं, तितकंच सावकाश. नळी सरळ झाली आणि पाणी नि आम्ल जिथे भेटतात तिथे एक कडं उमटलं. बारीक, पण चांगलं तपकिरी.

"ए, रिंग! ब्राउन रिंग आली!" अथर्व बाकावरून उठलाच. ही चाचणी त्यांच्या परीक्षेलाच होती, ती काय सांगते हे कोणाला विचारायची गरज नव्हती. "नायट्रेट आहे यात!"

"हे आपल्या कॅनमधलं," केरबा म्हणाला.

पुढच्या बाकावरच्या मुलीने वळून कोपऱ्यातल्या कॅनकडे बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनीच. मॅडमनी मात्र बघितलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मामा, हे पाणी..."

"बोअरचं हाय. मी भरतो."

"तुम्ही काय बोलताय, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? हे ऑफिसपर्यंत जाईल."

"कळतोय, मॅडम."

तो आणखी काही बोलेल म्हणून मॅडम थांबल्या. वाट बघताना त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलली नाही, आणि त्या कशाची वाट बघतायत हे दोघांनाही ठाऊक होतं. साठ मुलांसमोर ते एक वाक्य बोलायला केरबाला काहीच लागलं नसतं. ते त्याच्या जिभेवर होतं. त्याने नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या, बर्नर विझवले आणि तो ताठ उभा राहिला.

संघप्रिया आपलं जर्नल घेऊन आली आणि उघडून मॅडमसमोर ठेवलं. पान आता कोरं नव्हतं, इंग्रजीत भरलेलं होतं. नायट्रोजन वजा : सर्व पाने हिरवी. संभाव्य कारण : वापरलेले पाणी ऊर्ध्वपातित नव्हते, बोअरवेलचे होते. पाणी भरणारा : केरबा नामदेव सोनकांबळे. पाण्यात नायट्रेट असल्याची चाचणी, यापुढे जागा सोडली होती. तिने तिथेच, उभ्या उभ्या, लिहून टाकलं : होकारार्थी.

"नाव खोड," मॅडम हळूच म्हणाल्या. "कारण राहू दे. मी सही करते. नाव तेवढं खोड."

संघप्रियाने वडिलांकडे पाहिलं.

"राहू द्या, मॅडम," केरबा म्हणाला. "त्या वहीत तेवढं राहू द्या."

मॅडम मग बराच वेळ त्या पानावर वाकून बसल्या. चष्मा त्यांनी परत लावला होता. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली आणि आपोआप थांबली. परीक्षक सोमवारी येणार, प्राचार्यांना कळणार, संस्थेला कळणार, हे सगळं त्यांच्या कपाळावर दिसत होतं, आणि केरबाला त्या क्षणी त्यांची कीव आली नाही. बघू या, असं त्याला वाटलं. बाईंमध्ये किती दम आहे, बघू या.

त्यांनी पेन उचललं. सहीच्या जागी सही न करता तिच्या वर, समासापासून समासापर्यंत, त्या लिहू लागल्या. इंग्रजी जर्नलात त्यांनी मराठीत लिहिलं. कोणाला वाचता यावं म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. केरबा जिथे उभा होता तिथून त्याला अक्षर स्पष्ट दिसत होतं.

‘यंत्र नादुरुस्त असल्याचे श्री. सोनकांबळे यांनी मला तीन वर्षांपूर्वी सांगितले होते. साधे पाणी वापरा असे मी सांगितले.’

खाली सही केली, पूर्ण नावाची. तारीख घातली. जर्नल संघप्रियाच्या हातात देऊन त्यांनी गठ्ठ्यातलं पुढचं ओढलं. ते अथर्वचं होतं. त्यांनी ते पान काढलं, वाचलं, आणि पेन कागदावर टेकवून थांबल्या.

"पिवळं पान ज्यांनी ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं," त्या म्हणाल्या, "त्यांनी हात वर करा."

खिडकीबाहेर रस्त्यावर कोणी तरी रिक्षा मागे घेत होतं. लॅबमध्ये एकही हात वर झाला नाही. मॅडम थोडा वेळ थांबल्या, कोणी उशिरा उचलेल म्हणून. मग त्यांनी अथर्वचं जर्नल मिटलं आणि सही न करता त्याला परत दिलं.